पोपटाशी भांडू नका, पेरू झाका

पुण्यात पेरूविषयी बोलायचं तर आधी गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्राला नमस्कार करायला हवा. लखनौच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून १९२७ साली फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी तिथे एक झाड निवडलं. तो लखनौ-४९, म्हणजे आपला सरदार पेरू. गणेश डाळिंबही तिथलंच. म्हणजे तुमच्या बंगल्यामागचं झाड चांगल्या घराण्यातलं आहे. ते पोपटांना पुणेकरांआधी कळलं, एवढंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी हरकत नाही. अख्खं झाड राखायला गेलात की हरलात. एकेक फळ राखा. शेतकऱ्याचं वेगळं. त्याच्याकडे माळा असतो, गोफण असते, दिवसभर डबा बडवायला माणूस असतो. आपल्याकडे काय असतं? दुपारची झोप.

आता हे पटावं म्हणून आमच्या शेजारचा किस्सा. नाव घेत नाही, ते कदाचित मागच्या रांगेत बसले असतील. या गृहस्थांनी पेरूवर आधी जुन्या सीड्या टांगल्या. झाड एखाद्या मिरवणुकीच्या ट्रकसारखं दिसायला लागलं. पोपट थोडे दिवस लांब राहिले, मग त्याच सीड्यांच्या दोऱ्या कुरतडायला लागले. नंतर आलं प्लॅस्टिकचं घुबड. घुबड रोज त्याच फांदीवर, त्याच दिशेला मान करून बसलेलं. पक्षी काय खुळे आहेत? साळुंक्या त्याच्या डोक्यावर बसून पंख साफ करायच्या. (हसताय, पण तुमच्यापैकी निम्म्यांच्या गच्चीत ते घुबड आहे, मला ठाऊक आहे.)

आणि मग आलं यंत्र. शिकऱ्याचा, म्हणजे पाखरं मारणाऱ्या शिकारी पक्ष्याचा, आवाज काढणारं. थोड्या थोड्या वेळानं किंचाळायचं, पहाटेपासून तिन्हीसांजेपर्यंत. एक ते चारमध्येही! आमची हरकत शिकऱ्याला नव्हती, वेळेला होती. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला, तर गृहस्थ म्हणाले, "आवाज माझ्या हद्दीत आहे." मी म्हटलं, "काका, फांदी आमच्या हद्दीत आहे, तिच्यावरचे पेरूही मग आमचेच." त्यावर जी चर्चा झाली तिचं इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नाही. मध्यंतरी एका बाईंनी सुचवलं की झाडाला पाटीच लावा. पोपट बोलतो, वाचत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. असो. त्या सगळ्या काळात पोपट नेमानं येत होते. नुसत्या भीतीला पक्षी सरावतात; आवाज झाला, पण मागून कोणी झडप घातली नाही, की त्यांना सगळं उमगतं.

आणि त्यातली गंमत अशी की काकांचे निम्मे चिकू रात्री जात होते! शिकऱ्याचा आवाज ऐकायला वटवाघूळ दिवसा थोडंच येतं? आधी चोर ओळखा. पोपट पेरू थोडासा कुरतडतो आणि खाली टाकून दुसऱ्याला हात घालतो, म्हणजे चोच घालतो. बुलबुल पिकल्या फळाला खड्डा पाडतो. झाडाखाली चघळून थुंकलेला चोथा दिसला तर वटवाघूळ. दातांच्या खुणा असतील तर खार. तिच्यावरचा आळ पक्ष्यांवर घालू नका.

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. बरं, तर मूळ विषय.

पिशवी. पेरू लिंबाएवढा झाला की पिशवी चढवायची, देठाशी सैलसर बांधायची. कागदाची चालते, पण पोपट ती फाडतो, म्हणून विरळ कापडाची बरी. फळमाशीही त्यानं टळते, म्हणजे अळीचा पेरू कापून पाहुण्यांपुढे माफी मागणं वाचतं. हापूस असेल तर कैरी अंड्याएवढी असतानाच झाका. अंजिराला हवा खेळणारं कापड हवं, कारण ते झाडावरच पिकावं लागतं. डाळिंबही तसंच.

पेरू, चिकू, सीताफळ मात्र तोडल्यावर घरात पिकतात. मग पिकायची वाट झाडावर का बघायची? सीताफळाचे डोळे उघडले, खाचा पिवळसर झाल्या, की उतरवा. चिकूला नखानं ओरखडा काढा. हिरवं दिसलं तर थांबा, पिवळसर दिसलं तर तोडा. पेरूचा गडद हिरवा रंग फिका झाला की काढायला हरकत नाही. पक्ष्याच्या आधी दोन दिवस झाडाशी पोचायचं, हीच युक्ती.

जाळी लावायचीच असेल तर झाडावर नुसती फेकू नका. सैल जाळीत बुलबुलाचे पाय अडकतात, कधी धामणही अडकते. बांबूच्या चौकटीवर ताणून बसवा, भोक असं की करंगळी जाणार नाही, आणि रोज बघा. गोंद, सापळा, विष यांचं नावही नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपला नेहमीचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहे. पिंजऱ्यातला मिठ्ठूही त्यातच येतो. त्यावर पुढच्या वेळी बोलीन, आज भांडण नको.

शेंड्यावरच्या फळांना शिडी लावून पिशव्या चढवू नका, विशेषतः साठी उलटलेल्यांनी. हात पोचतो तेवढी आपली, वरची त्यांची. पिशव्यांचे नमुने दाराजवळच्या टेबलावर आहेत, एकेकच न्या.