आधी तार, मग सेट

नमस्कार श्रोतेहो.

हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याची, गोडी लागलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, दहा हजार जमवलेत. कुठला सेट घेऊ?" मी उलट विचारतो, "गच्चीवर जायला मिळतं का?" मुलं गोंधळतात. पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, कारण सेटच्या आधी अँटेनाची जागा बघायची असते, आणि आज त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

त्याआधी परवान्याचं सांगतो. बाजारात हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून बोलायचा सेट सहज मिळतो, म्हणून तो विकत घेऊन बोलायला लागायचं, असं चालत नाही. आपल्याकडे दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम, एवढाच अभ्यास असतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला व्हीयू3 ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, मिळतं, जनरल श्रेणीला व्हीयू2 ने. परवाना हातात येईपर्यंत वेळ जातो, तो ऐकण्यात घालवा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा रिसीव्हर इंटरनेटवरून कुणालाही फुकट चालवता येतो. घरातल्या जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हॅमचं बोलणं बदकाच्या आवाजासारखं येतं, कारण ते सिंगल साइडबँड या पद्धतीने पाठवलेलं असतं आणि साध्या रेडिओला ती उलगडत नाही. वेबएसडीआरवर त्या पद्धतीचा एलएसबी हा पर्याय निवडून काटा हळूहळू फिरवलात की त्याच गोंगाटातून माणसाचा स्वच्छ आवाज बाहेर येतो. पहिल्यांदा तो जमला, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता दहा हजारांकडे वळू.

माझा पहिला सेट पाच वॅटचा हँडहेल्ड होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून दोन दिवस हाका मारल्या. खरखरीशिवाय काही नाही. सेट खराब निघाला असं समजून मी एका ज्येष्ठ हॅमकडे गेलो. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. म्हणाले, "अरे, भिंतींशी काय बोलतोस? गच्चीवर जा." गेलो, आणि पहिल्याच हाकेला उत्तर आलं. तोच सेट, तेच पाच वॅट.

अशा हँडहेल्डची, म्हणजे व्हीएचएफची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, त्यामुळे तिथे उंचीला मोल आहे. भोवतालच्या सपाटीपासून सातशे मीटर उंच डोंगरावर उभे राहिलात, तर हिशेबाने रेडिओचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. सह्याद्रीत गड चढणाऱ्यांना हे वरदान फुकट मिळालेलं आहे.

म्हणून 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या बँडसाठी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यासाठी, साधा हँडहेल्ड घ्या आणि त्याची रबरी अँटेना घराबाहेर वापरण्यापुरतीच ठेवा. गच्चीसाठी ग्राउंड प्लेन नावाची अँटेना स्वतः बनवा. केबल जोडायचं एक एसओ-239 सॉकेट, मधोमध 49 सेंटिमीटरची जाड तांब्याची तार उभी, खाली तशाच चार तारा तिरक्या. डाग द्यायला तासभर पुरतो. पैसे राखून ठेवा ते सेट आणि अँटेना जोडणाऱ्या कोॲक्स केबलसाठी. पातळ आरजी-58 ची पंधरा मीटर केबल या बँडवर जवळजवळ निम्मी शक्ती पोटातच जिरवते. महाग सेट आणि स्वस्त केबल ही जोडी मी इतक्या घरांत पाहिली आहे की वाईट वाटतं.

पण माझा जीव खरा रमतो तो 40 मीटरच्या बँडवर, म्हणजे 7 ते 7.2 मेगाहर्ट्झवर. हा बँड डोंगरांना जुमानत नाही. लहर सरळ वर जाते, वातावरणाच्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनांबरावरून परतते आणि दोनशे-तीनशे किलोमीटरच्या टापूत उतरते. मध्ये घाट असो की दरी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम आपापले सेट घेऊन तिकडे धावले होते. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानातच होते. बाकी संपर्क तुटल्यावर त्यांच्या सेटवरून निरोप बाहेर पडले.

या बँडची अँटेना म्हणजे निव्वळ तार, तिला डायपोल म्हणतात. 143 ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मीटरमध्ये येते. 7.1 साठी सुमारे 20 मीटर. दोन बाजूंना दहा-दहा मीटर, मध्ये केबल, टोकांना नायलॉनची दोरी. दोन्ही हात हातभर जास्तच ठेवा आणि अँटेना सेटशी जुळली का हे दाखवणारा मीटर बघत थोडे थोडे छाटा. दुमजली घराइतकी उंची कमी वाटेल, पण जवळच्या गप्पांना तीच बरी. विजेच्या तारा जवळपास असतील तर ती जागा सोडून द्या, दुसरी शोधा. पावसाळ्यात काम झालं की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा.

या बँडचा नवा जपानी सेट दहा हजारांत बसत नाही, हे खरं. पण हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटेक्स नावाचा सेट आखला, तो नेमका अशाच खिशासाठी. सुरुवातीच्या आराखड्यात त्यांनी एक कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळली होती, कारण तो वॉशर गावोगावी मिळतो. त्याच घराण्यात पुढे तयार बोर्डही निघाले, त्यांच्या कॉइल हैदराबादच्या महिलांनी गुंडाळल्या. माझ्या दृष्टीने भारतीय हॅमला याहून अभिमानाची वस्तू नाही. शक्ती मोजके वॅट, पण नीट टांगलेल्या डायपोलवर सकाळच्या नेटमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी हवेत जमणाऱ्या हॅमच्या गप्पांत, आपला आवाज पोचतो. जुना सेट एखाद्या हॅमकडून घेणार असाल, तर त्यांच्याच घरी, त्यांच्याच अँटेनावर चालवून, कुणाशी तरी बोलून मगच पैसे द्या.

आणि हँडहेल्ड आधी आला असेल, तर तो घेऊन एका संध्याकाळी मोकळ्या मैदानात जा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक केव्हा डोक्यावरून जाणार याची वेळ आधी बघून ठेवा आणि 145.800 लावा. 2025 च्या जुलैत शुभांशु शुक्ला तिथूनच हॅम रेडिओवर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी बोलले. दरवेळी आवाज येईलच असं नाही. दहा मिनिटांची खेप असते, दोन-चार वेळा रिकाम्या हाताने परत यावं लागतं. पण चारशे किलोमीटर वरून निघालेला माणसाचा आवाज त्या रबरी अँटेनावरही ऐकू येतो. मी ऐकला आहे.