पेटीवर देवगड, आत कानडी पेपर

हे वाशीचं एपीएमसी, फ्रूट मार्केट. एप्रिल चालू आहे, म्हणजे बघाल तिकडे आंबाच, हमाल डोक्यावर पेट्या घेऊन चाललेत, त्यांना वाट द्या आधी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवी मुंबईतच एका दुकानातून पेटी घेतली, वर मोठ्या अक्षरात देवगड हापूस. घरी आईने आंबे काढून गवतात लावायला घेतले आणि तळाला निघाला कानडी पेपर. आई म्हणाली, "अरे, हा कर्नाटकचा आहे, देवगडचा नाही." आंबा गोड होता हो, खाल्ला आम्ही, पण पैसे देवगडचे मोजले होते ना! आणि मला जास्त लागलं ते हे, की ज्या शेतकऱ्याने तो तिकडे राबून पिकवला त्याच्या गावाचं नाव पुसलं आणि देवगडवाल्याचं गिऱ्हाईक पण गेलं.

२०१८ ला कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायची कायदेशीर नोंद, मिळाला, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हा पण आहे. तरी पेटी घेताना विचारायचं, कुठली बाग, कुठलं गाव.

आता किचनमधे या. हे तूरडाळीचं पाकीट, मागची बाजू बघा, अक्षर इतकं बारीक की मोबाईलने झूम करावं लागतं. बाहेरून तयार आलेल्या पॅकवर देशाचं नाव लिहावंच लागतं, पण खाण्याच्या मालाच्या नियमात असंही आहे की दुसऱ्या देशात प्रोसेसिंग होऊन मालाचं रूप बदललं तर तो दुसरा देशच मूळ देश धरायचा. मग अख्खी तूर मोझांबिकहून बोटीने आली, इथल्या मिलमधे भरडून तिची डाळ झाली, की पाकिटावर दिसतो मिलचा नाहीतर पॅकिंगवाल्याचा पत्ता. तूर कुठल्या मातीतली ते कुठेच नाही. आणि बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतातला असं खूप जण समजतात, तसं नाहीये, कंपनीने तो नंबर भारतातून घेतलाय एवढंच त्यातून कळतं.

ऑस्ट्रेलियात २०१८ पासून तिथे बनलेल्या बऱ्याचशा खाण्याच्या पाकिटांवर एक पट्टी असते, आतलं किती टक्के ऑस्ट्रेलियातलं ते त्या पट्टीवरून लगेच दिसतं. आपल्याकडे अशी पट्टी आली तर विदर्भ-मराठवाड्यातला तूरवाला निदान नावानिशी आपल्या समोर तरी येईल, मग त्याची डाळ दोन रुपये महाग असली तरी मी घेईन, घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

हे ठाणे स्टेशनच्या बाहेर, जूनचा पहिला पाऊस पडून गेलाय. मावशी फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून बसल्यात, समोर शेवळांच्या, म्हणजे पावसाळी रानभाजीच्या जुड्या, शेजारी काकडं, ही त्या भाजीत घालायची रानफळं. लेबल नाही की बारकोड नाही.

"मावशी, शेवळं कुठली?"

"खर्डीची. काल रानातून काढली, सकाळच्या लोकलने आणली. काकडं पण घे, त्याशिवाय खाजतात."