पाकिटावरची शाई आणि पुण्याची हवा

नमस्कार श्रोतेहो.

बाकरवडीचं पाकीट फोडताना त्यावरच्या लाल रंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाळल्यावर शाईचा हा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा उरतो. पाकीट चुरगळलं तरी त्याचा पापुद्रा सुटता कामा नये. अशी शाई प्रयोगशाळेत कशी घडते आणि कुठे बिघडते, ते आज सांगायचं आहे.

प्लॅस्टिक फिल्मवरच्या ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरवरून होणारी छपाई) शाईत पिगमेंट म्हणजे रंगाची पूड, त्याला धरून ठेवणारं रेझिन आणि उडून जाणारं सॉल्व्हंट हे मुख्य घटक. रंगीत शाईत पिगमेंट साधारण १० ते १५ टक्के; पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. आधी रेझिन सॉल्व्हंटमध्ये पूर्ण विरघळवायचं, मग ढवळणी चालू ठेवून पिगमेंट थोडं थोडं सोडायचं आणि हा लगदा बीड मिलमध्ये, म्हणजे बारीक मणी फिरवणाऱ्या चक्कीत, दळायचा. दळण बारीक झालं की नाही ते ग्राइंड गेजवर, म्हणजे उतरत्या खोलीची खाच असलेल्या ठोकळ्यावर, पट्टी एका दमात ओढून बघतात, तेही लगेच, कारण सॉल्व्हंट उडालं की खोटे कण दिसू लागतात. दळण ५ मायक्रॉनच्या आत आलं पाहिजे. इथे घाई करून ताज्या दळणात नुसतं सॉल्व्हंट ओतलं, तर रेझिन पिगमेंटला सोडतं, कण पुन्हा गोळा होतात आणि चमक जाते. म्हणून आधी व्हार्निश, म्हणजे सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं रेझिन, तेही ढवळत ढवळत.

छपाईआधी शाई बी-फोर कपातून, म्हणजे तळाला भोक असलेल्या ठरावीक मापाच्या कपातून, किती सेकंदांत गळते ते मोजतात. ग्रॅव्ह्युअरला साधारण १५ ते १८ सेकंद लागतात. पण शाईचं तापमान न लिहिता नुसते सेकंद लिहिले, तर त्या आकड्याला अर्थ नाही. मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरातल्या सकाळी तीच शाई वेगवेगळी वाहते. मोजायची तर २५ अंशांवर आणून.

चिकटण्याची परीक्षा टेपची. छापलेल्या भागावर टेप दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. शाई गेली एवढंच लिहून थांबू नका, ती कुठून गेली ते बघा. खाली फिल्म कोरी दिसली, तर शाईला दोष देण्याआधी फिल्मचं कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे शाई धरावी म्हणून पृष्ठभागावर विजेने केलेली प्रक्रिया, तपासा. बीओपीपी (ताणलेली पॉलिप्रॉपिलीन) फिल्मला ३८ डाइन (पृष्ठभाग शाई किती धरेल त्याचं माप) तरी हवेत, आणि गोदामात पडून राहिली की ही पातळी उतरते. निम्मी शाई टेपवर, निम्मी फिल्मवर राहिली, तर थरच आतून फाटलाय. पिगमेंट जास्त झालंय किंवा रेझिन कमी पडलंय.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टात इथल्या हवेत ओल भरलेली असते. शाईतलं इथाइल अॅसिटेट हे सॉल्व्हंट भराभर उडतं, तेव्हा ओला थर गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर जमतं. पाण्यात न विरघळणारं रेझिन बाहेर पडतं, रंगावर पांढुरकी झाक येते आणि पकडही जाते. उपाय म्हणजे इथाइल अॅसिटेटचा ५ ते १० टक्के भाग काढून सावकाश उडणारं नॉर्मल प्रोपाइल अॅसिटेट घालायचं. हार्डनर (थर कडक करणारं रसायन) असलेल्या शाईत ओल आणखी नडते, कारण हार्डनर पाण्याशीच लागतो आणि बुडबुडे येतात. अशा डब्याचं झाकण उघडं ठेवूच नये.

कोरड्या दिवसांत धोका वेगळा. इथाइल अॅसिटेटची वाफ उणे ४ अंशांलाही पेट घेऊ शकते, आणि कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते. शाई ओतताना पिंप आणि डबा दोन्हींना अर्थिंगची क्लिप लावलीच पाहिजे. यात सवलत नाही.

पावसाळ्यातलं मिश्रण हिवाळ्यात तसंच चालू ठेवलं, तर सावकाश उडणारं सॉल्व्हंट थरात अडकून राहतं आणि खाण्याच्या वस्तूला वास लागतो. हा वास तपासण्यासाठी छापलेल्या फिल्मच्या पट्ट्या स्वच्छ काचेच्या बरणीत बंद करून अर्धा तास ६० अंशांवर ठेवतात. मग झाकण उघडून वास घ्यायचा, तोही कोऱ्या फिल्मच्या बरणीशी ताडून. खाद्यपदार्थांच्या पाकिटासाठीची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकात बसावी लागते, आणि त्यानुसार टोल्यूइन हे सॉल्व्हंट चालत नाही. छापखान्यातून स्वस्त थिनरची मागणी आली, तर ते कशाचं आहे हे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बघितल्याशिवाय होकार देऊ नये.