वर्डप्रेसला समाजमाध्यमं जोडताना: मराठी संकेतस्थळांसाठी

संकेतस्थळ समाजमाध्यमांशी जोडायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कोणतं प्लगइन घेऊ?" (प्लगइन म्हणजे संकेतस्थळाला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम.) हा प्रश्न आज आपण मुद्दाम मागे ठेवणार आहोत. लिंक फेसबुकवर प्लगइनने टाकली काय किंवा वाचकाने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चिकटवली काय, समोर चित्र, मथळा आणि दोन ओळी अशी जी चौकट उमटते, तिचा मजकूर तुमच्या पानातूनच उचललेला असतो. तो मुळात बिघडलेला असेल तर प्लगइन तोच बिघाड पाच ठिकाणी पोचवतं. शिवाय ही साधनं बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे बहुधा रोमन लिपी असते. देवनागरीत काय मोडतं ते त्यांच्या चाचण्यांत दिसत नाही, आपल्या वाचकांना मात्र दिसतं. मी सगळीकडे वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवणारी प्रणाली धरून बोलणार आहे. ड्रुपल किंवा जूमला या दुसऱ्या प्रणाली वापरणाऱ्यांसाठी बटणं वेगळी असतील, अडचणी बऱ्याचशा त्याच आहेत.

तर आधी पान. चौकटीत काय दाखवायचं ते पानातच लिहून ठेवायची ओपन ग्राफ नावाची पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली आणि आज जवळजवळ सगळेच ती वाचतात. पानाच्या हेड भागात, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या कोडमध्ये, काही मेटा टॅग (माहितीच्या खुणा) असतात. त्यांतले चार आवश्यक मानलेले: मथळा, प्रकार, चित्र आणि पत्ता. वर्णन ऐच्छिक आहे, पण ते दिलंच पाहिजे. नाही दिलं तर समोरचा प्लॅटफॉर्म पानातला हाताला लागेल तो मजकूर उचलतो, आणि तो कित्येकदा "मुख्यपान, आमच्याविषयी, संपर्क" असा मेन्यूच असतो. योस्ट किंवा रँक मॅथसारखं एसइओ प्लगइन (शोधयंत्रांत पान वर यावं म्हणून वापरतात ते) हे टॅग घालतं. मात्र ते काम एकालाच द्या. थीम एक संच घालते, एसइओ प्लगइन दुसरा, शेअर-बटणांचं प्लगइन तिसरा, आणि मग कोणता उचलला जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उघडा आणि ओजी-इमेज हा चित्राचा टॅग शोधा. एकाच पानात दोन वेगळी चित्रं सापडली, तर कुणाला बंद करायचं ते लगेच ठरवा.

चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं करा. फेसबुकला किमान २०० बाय २०० लागतं आणि ६०० बाय ३१५ पेक्षा लहान असेल तर मोठी चौकट न येता कडेला ठिपक्याएवढं चित्र येतं. फेसबुक ८ एमबीपर्यंत चित्र घेतं, पण व्हॉट्सॲप इतकं उदार नाही. ३०० केबीच्या आत ठेवलंत तर सुखात राहाल. प्रकार जेपीजी ठेवा. वेबपी या चित्रप्रकाराने पान हलकं होतं हे खरं, पण चौकटीसाठी सगळीकडे बिनधोक चालणारं जेपीजीच. चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून पूर्ण लिहिलेला हवा. आणि चित्राची रुंदी-उंची सांगणारे दोन टॅगही द्या. ते नसतील तर फेसबुक चित्र मागाहून सावकाश तपासतं आणि सगळ्यात पहिल्या शेअरला चौकट चित्राविना जाते. पहिला शेअर बहुधा संपादकाचाच असतो, त्यामुळे तक्रारही लगेच येते.

चित्र बरोबर आहे, टॅग बरोबर आहे आणि तरीही चौकट रिकामी, असं झालं तर दोष बहुतेक सर्व्हरकडे असतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये हॉटलिंक प्रोटेक्शन चालू असतं आणि ते बाहेरून चित्र मागणाऱ्याला नकार देतं. किंवा सुरक्षेचं प्लगइन फेसबुकच्या पान वाचणाऱ्या रोबोला हल्लेखोर समजून अडवतं. फेसबुकचा शेअरिंग डीबगर (लिंक तपासायचं साधन) उघडून तिथे पत्ता टाका. सर्व्हरने ४०३, म्हणजे "प्रवेश नाही", असं उत्तर दिलं असं दिसलं तर हेच कारण. याच डीबगरवर "स्क्रेप अगेन" बटण आहे. मथळा दुरुस्त केला तरी फेसबुक जुनाच दाखवत असेल तर ते दाबायचं. याच कामाला लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टर आहे, टेलिग्रामवर वेबपेजबॉट आहे.

व्हॉट्सॲपला मात्र असं काही नाही, आणि आपले वाचक तर तिथेच. तिथली चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि निरोपाबरोबर जाते. गेलेली चौकट मागे घेऊन बदलता येत नाही. म्हणून मसुदा अवस्थेतली लिंक "जरा बघा" म्हणून सहकाऱ्यांना पाठवू नका. दुरुस्तीनंतर तपासायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून व्ही बरोबर २ (?v=2) असं काही जोडा, म्हणजे तो नवा पत्ता धरला जातो. आणि लिंक चिकटवल्यावर चौकट उमटेपर्यंत दोन क्षण थांबा. घाईत पाठवलं की नुसती निळी ओळ जाते.

आता देवनागरी. पहिला फटका बसतो पत्त्याला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतं आणि वेबपत्त्यात त्या प्रत्येक बाइटची ३ रोमन चिन्हं होतात. म्हणजे एका चिन्हाला ९. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता बनवताना २०० रोमन चिन्हांवर थांबतं, म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम २२ चिन्हं येतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं धरून. "पुणे महापालिकेच्या अर्थसंकल्पात पाणीपुरवठ्यासाठी तरतूद" असा मथळा दिलात तर पत्ता "पुणे-महापालिकेच्या-अर्थस" इथे तुटतो. उद्या याच विषयावर दुसरी बातमी आली की तिचाही पत्ता तिथेच तुटणार आणि वर्डप्रेस शेवटी २ चिकटवणार. वाचक ही लिंक कॉपी करतो तेव्हा टक्क्यांच्या चिन्हांची दोनशे अक्षरी माळ ग्रुपवर जाते. काही जण ती पाहून फसवणुकीची लिंक समजतात, त्यांचंही चुकत नाही. उपाय असा की प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत चार-पाच रोमन शब्द हाताने लिहायचे. प्रकाशनानंतर बदलू नका. वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवतं हे खरं, पण फेसबुकच्या हिशेबी तो नवाच पत्ता ठरतो.

दुसरा फटका वर्णनाला. प्लगइनला मजकुराची पहिली दीडशे अक्षरं हवी असतात. कोडमध्ये पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) मजकूर कापणारं साधं सबस्ट्रिंग फंक्शन वापरलं असेल तर ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. काप अक्षराच्या मधोमध बसला की शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह दिसतं. ते नुसतं वाईट दिसतं असं नाही. हाच मजकूर फेसबुकच्या एपीआयकडे (बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दाराकडे) पाठवण्यासाठी जेसन या मांडणीत बांधताना पीएचपीचं फंक्शन तुटलेला बाइट पाहून सगळं काम नाकारतं, आणि पलीकडे रिकामं पाकीट जातं. प्लगइनच्या नोंदींत (लॉगमध्ये) "मजकूर नाही" एवढंच येतं आणि लोक टोकन, म्हणजे प्लगइनला दिलेली प्रवेशाची किल्ली, तपासत बसतात. नावाच्या सुरुवातीला एमबी असलेलं त्याचं भावंड (mb_substr) चिन्हं मोजतं, त्यामुळे बाइट तुटत नाही, पण "महाराष्ट्र" हा शब्द "महाराष्" असा तुटू शकतो. शब्दांवर कापणारं वर्डप्रेसचं स्वतःचं फंक्शन आहे, प्रोग्रामरला तेच वापरायला सांगा. त्याहून चांगलं म्हणजे एक्सर्प्टच्या, म्हणजे सारांशाच्या, चौकटीत संपादकाने दोन वाक्यं स्वतः लिहावीत. ती रिकामी सोडली तर वर्डप्रेस पहिले ५५ शब्द उचलतं, आणि बातमीचे पहिले ५५ शब्द वाचकाला आत बोलावतीलच असं नाही.

तिसरी गोष्ट चित्रावर आपोआप छापल्या जाणाऱ्या मथळ्याची. काही प्लगइनं मथळा घेऊन रंगीत पाटी तयार करतात. पीएचपीतली चित्रं बनवणारी नेहमीची जीडी लायब्ररी अक्षरं फक्त ओळीने मांडते, ती जोडत नाही. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे जाते आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसतात. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही, तो वेळ घालवू नका. अक्षरजोडणी जाणणारी लायब्ररी लागते: इमेजमॅजिक असेल तर त्यात पँगो किंवा राक्म हा अक्षरजोडणीचा घटक बसवलेला आहे का ते होस्टिंगवाल्याला विचारा. नाहीतर मथळा एचटीएमएलमध्ये मांडून पडद्यावर न उघडता चालणाऱ्या (हेडलेस) ब्राउझरने त्याचं चित्र घ्या. ब्राउझर देवनागरी नीट जोडतो.

आता स्वयंचलित पोस्टिंग. इथे सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे एकच बातमी फेसबुकवर तीनदा गेली. याचं कारण बहुधा असं, की प्लगइनने पोस्ट "प्रकाशित" असण्याचा हुक (ठरावीक घटना घडली की आपला कोड चालवायची वर्डप्रेसमधली सोय) पकडलेला असतो आणि प्रकाशित पोस्टमधली ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारून पुन्हा जतन केलं तरी तो हुक चालतो. आधीची अवस्था वेगळी होती का हे तपासायला हवं आणि पाठवल्याची खूण पोस्टच्या मेटामध्ये, म्हणजे तिच्यासोबतच्या न दिसणाऱ्या नोंदीत, ठेवायला हवी. दुसरी तक्रार, पोस्ट चित्राविना गेली. ब्लॉक एडिटरमध्ये पोस्ट आधी जतन होते आणि मुख्य चित्र त्यानंतर जोडलं जातं. मधल्या क्षणात प्लगइन धावलं तर त्याला चित्र सापडत नाही. वर्डप्रेस ५.६ पासून सगळं जतन झाल्यावर चालणारा वेगळा हुक आहे, तो वापरावा. किंवा पाठवणी दोन मिनिटं उशिराने लावावी. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. मथळ्यातली चूक बहुतेक वेळा प्रकाशित केल्यावरच दिसते, तेवढ्यात ती सुधारता येते.

उशिराने लावलेलं काम वेळेवर होईल याचीही सोय हवी. वर्डप्रेसचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, कुणी पान उघडलं की चालतं. पहाटे ६ ला लावलेला लेख वाचकच नसतील तर साडेसातलाही तिथेच असतो. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये अंतर्गत क्रॉन, म्हणजे हेच वेळापत्रक, बंद करा आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून दर ५ मिनिटांनी चालणारा खरा क्रॉन लावा.

कुठे आपोआप पोस्ट करता येतं आणि कुठे नाही, हे जुन्या यूट्यूब व्हिडिओंवरून ठरवू नका. फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरच्या ॲपने पोस्ट टाकणं १ ऑगस्ट २०१८ पासून बंद आहे. ग्रुपसाठीचा एपीआय एप्रिल २०२४ मध्ये गेला. पेजवर चालतं. इन्स्टाग्रामसाठी खातं बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचं लागतं, चित्र जेपीजी आणि उघड्या पत्त्यावर असावं लागतं, आणि मजकुरातली लिंक दाबली जात नाही. म्हणून "बातमी इथे वाचा" असं लिहून खाली पत्ता देणारी पोस्ट तिथे वाया जाते. ट्विटरने, म्हणजे आताच्या एक्सने, २०२३ मध्ये एपीआयचे नियम आणि दर बदलले आणि जेटपॅकसारख्या प्लगइनलाही तिथली आपोआप पाठवणी बंद करावी लागली. छोट्या संस्थेने एक्सवर हाताने टाकावं, हे माझं सरळ मत. तिथे साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे, लिंक कितीही लांब असो २३ धरली जाते, आणि मराठीत काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात. "प्रशिक्षण" हा शब्द ९ चिन्हांचा होतो.

व्हॉट्सॲप चॅनेलवर किंवा ग्रुपवर हातानेच टाकायचं. आपोआप टाकून देणारी जी अनधिकृत साधनं विकली जातात, त्यांच्यापायी नंबर बंद होण्याचा धोका आहे, आणि तो नंबर वर्षानुवर्षं वाचकांकडे सेव्ह केलेला असतो.

सगळ्यात कमी कटकटीचं टेलिग्राम. बॉट (आपोआप चालणारं खातं) तयार करायचा, त्याला चॅनेलचा ॲडमिन करायचं, टोकन प्लगइनमध्ये घालायचं. निरोपाला ४०९६ चिन्हं आणि चित्राखालच्या मजकुराला १०२४. ब्लूस्काय या एक्ससारख्या माध्यमावरही पोस्टिंग सोपं आहे, मात्र तिथे मजकुरातली लिंक कुठून कुठपर्यंत हे बाइटमध्ये सांगावं लागतं. "वाचा:" आणि एक जागा सोडून पत्ता दिलात, तर प्रोग्रामर ६ मोजतो, खरे बाइट १४ होतात. मग निळा रंग भलत्याच अक्षरांवर चढतो. चौकटीचं चित्रही तिथे आपणच अपलोड करायचं असतं.

बाहेरचं आत आणण्याबद्दल थोडक्यात. यूट्यूबचा पत्ता स्वतंत्र ओळीवर चिकटवला की वर्डप्रेस व्हिडिओ लावून देतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं असं ऑक्टोबर २०२० पासून होत नाही, त्यांना ॲपचं टोकन लागतं. जुन्या लेखांत यामुळे नुसते पत्ते उरलेत का ते पाहा. बातमी एखाद्या नेत्याच्या ट्वीटवर उभी असेल तर ते ट्वीट नुसतं एम्बेड करू नका, त्यातले शब्द लेखात उतरवा. ट्वीट उडवलं की तुमच्या लेखात भोक पडतं.

मोजमापात दोन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक ॲनालिटिक्समध्ये बहुधा "डायरेक्ट" खाली जातो, म्हणून ग्रुपवर टाकायच्या लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी) जोडा. दुसरं म्हणजे फेसबुक प्रत्येक क्लिकला पत्त्यामागे एफबीक्लिड नावाचं वेगळं शेपूट लावतं. कॅशच्या, म्हणजे तयार पानं साठवून देणाऱ्या, प्लगइनला ते दुर्लक्षित करायला सांगितलं नसेल तर त्याला प्रत्येक वाचक नवं पान मागतोय असं वाटतं आणि बातमी व्हायरल झाली त्याच संध्याकाळी सर्व्हर बसतो.

राहिलं टोकन. फेसबुकचं वापरकर्त्याचं दीर्घ टोकन सुमारे ६० दिवसांचं असतं. त्यावरून घेतलेल्या पेजच्या टोकनला मुदत नसते, पण ज्या माणसाच्या खात्यातून ते घेतलं त्याने पासवर्ड बदलला किंवा त्याचा पेजवरचा अधिकार काढला, की ते मरतं. इन्स्टाग्रामचं ६० दिवसांचं टोकन मुदतीच्या आत ताजं करावं लागतं. त्यामुळे जोडणी नव्याने लागलेल्या उपसंपादकाच्या खात्यातून करू नका. पेजवर पूर्ण अधिकार असलेले दोघे तरी ठेवा, टोकन कुणाच्या नावावर आहे ते कार्यालयाच्या नोंदवहीत लिहा, आणि पोस्ट न गेल्यास ईमेल यावी अशी सोय प्लगइनमध्ये चालू करा. ती ईमेल रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर जाते आहे ना, हे आजच बघून घ्या.