गालातली काडी आणि नंतरचा फोन

सकाळचे साडेदहा. पुण्यातलं एक कॉलेज, कॅन्टीनच्या बाजूला एनएसएसच्या पोरांनी स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) देणाऱ्यांची नावं नोंदवायला दोन टेबलं टाकलीयत, त्यावर फॉर्म, बारकोडचे स्टिकर आणि पाकिटातल्या कापसाच्या काड्या. एक मुलगा वडापाव खाऊन हात पुसत येतो तर टेबलावरची मुलगी म्हणते, "अरे आधी चूळ भर, अर्ध्या तासाने ये." तो खरंच तिथे कट्ट्यावर बसून राहतो.

मग काडी गालाच्या आतून गोल गोल घासायची, पाकिटात टाकायची, स्टिकर लावायचा. झालं. सुई नाही, रक्त नाही. त्या काडीवरच्या पेशींवरून लॅबमध्ये एचएलए टायपिंग होतं. एचएलए म्हणजे आपल्या पेशींवरची ओळखीची खूण, देणाऱ्याची आणि पेशंटची ही खूण जुळावी लागते. ती अर्धी आईकडून येते, अर्धी बाबांकडून, म्हणून सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळायचा चान्स चारात एक.

1983 साली मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे या स्टेम सेल असतात) ट्रान्सप्लांट केलं, पेशंट नऊ वर्षांची मुलगी होती आणि तिला तिच्या भावाचा मॅरो मिळाला. पण आता बऱ्याच घरांत एकच मूल, आणि भावंड असलं तरी जुळेलच असं नाही. मग ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंटने जायचं कुठे? तर रजिस्ट्रीकडे, म्हणजे पेशी द्यायला तयार असलेल्यांच्या यादीकडे. 2009 पासून चेन्नईची दात्री ही संस्था हेच काम करतेय, इतरही आहेत. जगभरात 4 कोटींवर लोकांची नावं अशा रजिस्ट्र्यांमध्ये आहेत, पण त्यात भारतीय फार कमी, आणि ही खूण बहुतेक वेळा आपल्याच मुलखातल्या, आपल्यासारखेच पूर्वज असलेल्या माणसाशी जुळते. जर्मनीतली यादी कितीही मोठी असली तरी साताऱ्याच्या पोराचा जोडीदार साताऱ्याकडेच सापडायची शक्यता जास्त, म्हणून हे टेबल इथे लागायला हवं.

आता खरी गोष्ट सांगायचीय ती पुढची. आज नाव दिलं म्हणजे उद्या बोलावतील असं नाही. फोन दोन वर्षांनी येईल, दहा वर्षांनी येईल, कदाचित कधीच नाही. आणि आला, की घरचे म्हणतात, "पाठीच्या कण्यातून काढतात, अपंग होशील." कण्याला कोणी हातही लावत नाही हो! बहुतेक वेळा पाच दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायचं, त्याने अंग दुखतं, डोकं दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, स्टेम सेल बाजूला होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत, तीन-चार तास, क्वचित दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. कधीकधी डॉक्टर मॅरोच मागतात, तेव्हा भूल देऊन कमरेच्या हाडातून घेतात. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत पुन्हा तयार करतं.

पण तुम्ही पेशी देण्याआधीच तिकडे पेशंटला जबरदस्त केमो देऊन त्याचा स्वतःचा मॅरो संपवलेला असतो. पूर्ण. परतीचा रस्ताच नाही. अशा वेळी इकडून कोणी "आई नको म्हणतेय" म्हणून मागे फिरलं तर त्या पेशंटचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून मला वाटतं, एका दिवसात किती नावं आली हे मोजण्यापेक्षा किती जणांनी घरी बोलून नाव दिलं हे विचारावं. नाही म्हणायचं असेल तर आजच, या टेबलावर म्हणा, कोणीही काही बोलणार नाही, नाव देऊन नंतर फोन न उचलण्यापेक्षा ते हजारदा बरं.

ती बघा, सेकंड इयरची मुलगी. फॉर्म अर्धा भरून बाजूला ठेवलाय, पेन अजून हातातच, जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर बोलतेय.

"आई, आधी ऐक तरी पूर्ण... नाही गं, मणक्यातून नाही... हो, बाबांना दे फोन, त्यांनाही सांगते."