फाळके कोल्हापुरात आले तेव्हा

१९३३ साल. प्रभात फिल्म कंपनीचं बिऱ्हाड कोल्हापुरातून पुण्याला हललं. चार वर्षांपूर्वी इथंच उभी राहिलेली कंपनी. गावाला हळहळ वाटली नसती तरच नवल. बाहेर मंदी. १९२९ला अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि त्याची झळ आपल्या बांधापर्यंत आली. शेतमालाचे भाव पडले, सावकाराचं व्याज मात्र जागच्या जागी.

अशा वेळी कुणीही आधी खर्चाला कात्री लावतो. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी त्याच साली चक्क एक स्टुडिओ उभा केला: कोल्हापूर सिनेटोन. पुढं भालजी पेंढारकरांच्या हाती जाऊन ज्याचा जयप्रभा झाला, तोच हा.

राजाश्रय या गावाला नवा नव्हता. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं. १९१५ला पॅलेस थिएटर बांधलं, तेही खासबागच्या कुस्तीच्या मैदानाला लागून. एका अंगाला शड्डू, दुसऱ्या अंगाला नांदी. ही सोय कोल्हापूरलाच सुचावी.

सिनेटोनमध्ये आलेला एक म्हातारा माणूस बघा. दादासाहेब फाळके. भारतीय सिनेमा ज्यांनी सुरू केला, तेच बोलपटाच्या जमान्यात मागं पडलेले. महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, आणि हातावर पैसे ठेवून बोळवण केली नाही, काम दिलं. ‘गंगावतरण’ १९३७ला पडद्यावर आला, तेव्हा फाळके ६७ वर्षांचे होते. त्यांनी केलेला हा पहिला बोलपट. आणि शेवटचा सिनेमाही.

नेमकं त्याच सुमारास सातासमुद्रापार अमेरिकेचं सरकार चित्रकारांना पगार देत होतं. डिसेंबर १९३३मध्ये सुरू झालेल्या पहिल्या योजनेत काही महिन्यांत ३,७४९ कलावंतांनी १५,६६३ कलाकृती केल्या. १९३५ला मोठी योजना आली: चित्रकार, गवई, नट, लेखक, सगळ्यांना रोजगार. शाळांच्या भिंती रंगल्या. पुढं जगभर गाजलेल्या चित्रकार जॅक्सन पोलॉकला तेव्हा कोण ओळखत होतं? तोही त्याच पगारपत्रकावर.

फरक इथं आहे. फाळक्यांना काम मिळालं, कारण राजाची मर्जी होती. पोलॉकला मिळालं, कारण तो बेकार चित्रकार होता. अर्थात सरकारचीही मर्जी फिरतेच. नाटकांत राजकारण दिसू लागलं तसं १९३९ला तिथल्या संसदेनं नाट्यविभागाचे पैसे तोडले. युद्ध आल्यावर बाकीचंही आवरलं आणि कितीतरी कॅनव्हास भंगारात वजनावर गेले. किलोच्या भावानं चित्रं!

आता आपल्याकडं. कोरोनात नाट्यगृहांना कुलपं लागली, जत्रा बंद, तमाशाचे फड बसून. २०२१ला राज्य सरकारनं कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले. मदत होती, नाही म्हणता येणार नाही. पण कुणी असं म्हटलं नाही, की शाहिरा, गावच्या शाळेत ये, पोरांना पोवाडा शिकव, महिन्याला पगार घे.

वृद्ध कलावंतांच्या मानधनाला आता राजर्षी शाहूंचं नाव आहे. अर्जाला पुरावे लागतात: वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि आपण कलावंत असल्याचा. सुपारी घेऊन जत्रेत ढोलकी वाजवणारा तिसरा पुरावा शोधत ट्रंक उपसतो. तळाशी एक हँडबिल सापडतं. फडाच्या मालकाचं नाव ठळक, गावाचं ठळक. ढोलकीवाल्याचं नावच छापलेलं नाही.