मूठ सुटलेली खुकुरी

[ऐरणीवर आडवी ठेवलेली खुकुरी, म्हणजे नेपाळची बाकदार कुकरी. मूठ हलवली की आतून खडखड.]

पातं शाबूत आहे, धार जागेवर आहे, पण मूठ खुळखुळतेय. अशी खुकुरी घेऊन लाकूड फोडायला बसलं, तर पातं कुठल्या घावाला सुटून जाईल याचा नेम नाही.

पूर्व नेपाळातलं भोजपूर खुकुरीसाठी जुनं नावाजलेलं. तिथल्या 'कामी' जातीच्या लोहाराची कार्यशाळा म्हणजे 'आरन', आणि मूठ म्हणजे 'बींड'. बींड बदलायची तर आधी ती पात्याला कशी धरून आहे ते बघायचं. मुठीत शिरणारं पात्याचं शेपूट, म्हणजे 'पारो', काही खुकुऱ्यांत मुठीच्या निम्म्यापर्यंतच जातं आणि आत 'लाहा' नावाच्या राळेवर बसलेलं असतं. काहींत ते आरपार जातं. मग मुठीच्या बुडाशी पितळी टोपण, त्यावर हिऱ्याच्या आकाराची छोटी पट्टी आणि त्यावर ठोकून पसरवलेलं शेपटाचं टोक दिसतं. 'पानावाल' प्रकारात शेपूट मुठीएवढंच रुंद असतं आणि दोन्ही बाजूंच्या फाळक्या रिव्हेटने आवळलेल्या असतात.

[क्लोजअप: बुडाची पट्टी, मधोमध चपटं टोक.]

आज समोर आहे ती आरपारवाली. पसरलेलं टोक कानसीने घासून काढलं की पट्टी आणि टोपण सुटतं. मूठ मात्र राळेने धरलेली असते, आणि घोटाळा होतो तो इथेच. घाईवर आलेला माणूस गॅसची ज्योत थेट मुठीच्या तोंडाशी धरतो.

खुकुरी बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवतात. कडक असते ती फक्त धार. लोहार लालबुंद पात्याच्या धारेवर किटलीच्या तोटीतून पाणी सोडतो आणि पाठ नरम राहू देतो, म्हणून घाव बसला तरी पातं तुटत नाही. पण साधारण 200 अंशांच्या पुढे गेलं की कडकपणा उतरायला लागतो. धारेवर निळसर झाक दिसली, तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं म्हणून समजा. मूठ नवी बसेल, धार पुन्हा लावाल, ती टिकणार नाही.

म्हणून धारेला जाड पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लावायची आणि फक्त मूठ उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायची. पाणी काही 100 अंशांच्या वर जात नाही, आणि लाहा त्याआधीच मऊ पडते. मग जाड हातमोजे घालून मूठ सरळ मागे ओढायची, पिळायची नाही. नाहीच निघाली तर छिन्नीने उभी फोडायची. तशीही ती जायचीच आहे.

शेपूट तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात धरा. वरचा गंज चालतो. पण पातं जिथे शेपटात निमुळतं होतं त्या कोपऱ्यात केसाएवढी जरी तडा दिसली, तरी मूठ बसवण्याला अर्थ नाही. पुढच्या घावाला ते तिथूनच तुटेल.

नवी मूठ सिसौची. आपल्या शिसवीचा हा भाऊबंद. ठोकळा 14 सेंटीमीटर लांब, साडेचार रुंद, साडेतीन जाड, रेषा लांबीच्या दिशेने आणि लाकूड पुरतं वाळलेलं. ओलसर लाकूड नंतर आकसतं, आणि 'कांजो' म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी टोपीपाशी फट पडते. त्या फटीतून पाणी आत जाऊन शेपूट गंजतं.

म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी. मात्र ड्रिल जोरात फिरवलं की केस जळल्याचा वास येतो आणि भोकाभोवती चरे पडतात. सावकाश चालवायचं.

भोक दोन्ही टोकांकडून पाडून मध्ये जुळवायचं. शेपूट निमुळतं, म्हणून तोंडाकडे भोक मोठं आणि शेजारी-शेजारी पाडलेली छिद्रं बारीक कानसीने एक केलेली. जुनी रीत शेपूट तापवून लाकडात जाळत नेण्याची. आपल्याकडे विळ्याला मूठ अशीच बसवतात. तेही करायचं तर त्याच मापाची वेगळी सळई तापवा, खुकुरीचं शेपूट नको.

[शेपूट कोरडंच घालून बघताना. एक डोळा मिटून पाठीची रेषा बघणं.]

कोरडं बसवून बघताना शेपटाचं टोक पट्टीच्या वर दोन-तीन मिलिमीटर यायला हवं. कमी असलं तर पसरायला धातूच नाही. जास्त असलं तर ठोकताना वाकतं. टोकावर कानस घसरत असेल तर ते कडक आहे. आत्ताच, पात्याला ओला फडका गुंडाळून, तेवढं टोक लाल करून हळू गार होऊ द्या.

शेपूट 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करायचं, अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग एपॉक्सी गोंद. पाच मिनिटांत सुकणारी नको. चोवीस तासांवाली घ्या, भोकात बुडबुडे राहू नयेत म्हणून हळूहळू भरा. कांजो, मूठ, टोपण, पट्टी याच क्रमाने चढवा. पातं लाकडी तुकड्यांमध्ये घालून शिकंज्यात उभं धरा आणि गोल डोक्याच्या लहान हातोडीने टोक कडेकडेने पसरवा. एकच दणका दिलात तर पट्टी तिरपी बसते.

घडाई दुसऱ्या दिवशी. आडवा छेद लंबगोल ठेवा, म्हणजे न बघताही हाताला कळतं की धार कुठे आहे. मधली उंच कडी मधल्या आणि अनामिकेच्या मध्ये येते; बूड थोडं पसरट, नाहीतर घामट हातातून मूठ निसटते. 120, 220, 400 असे पॉलिश पेपर आणि वर जवसाच्या तेलाचे तीन हात, प्रत्येक एक दिवस सोडून.

तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गठ्ठ्यात आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळी पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.